डीएनएचे रफूगर : ओबैद सिद्दीकी यांच्या निमित्ताने

२६ जुलै २०१३ रोजी बंगळुरूमध्ये प्राध्यापक ओबैद सिद्दीकी यांचे निधन झाले. त्याआधी काही दिवस रस्त्यावर एका दुचाकीची धडक बसून ते जबर जखमी झाले होते. वय ८१ वर्षांचे होते. रॉयल सोसायटीचे फेलो, पद्मविभूषण, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा पाया घालणारा आणि नंतर बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारणारा हा माणूस. आमच्या उर्दू शाळांच्या भिंतींवर कलामसाहेबांची तसबीर हमखास असते. तिच्या शेजारी सिद्दीकींची तसबीर मी अजून कुठे पाहिलेली नाही. माझ्या ओळखीच्या शिक्षकांत हे नाव ऐकलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

ज्यांना ते माहीत आहेत, त्यांना बहुधा फळमाशीमुळे माहीत असतात. माशीला वास कसा येतो, चव कशी कळते, यावर त्यांनी अर्धे आयुष्य घालवले. पण मला त्यांच्या त्याआधीच्या कामावर लिहायचे आहे. पेशीतला डीएनए तुटून पुन्हा जोडला जातो का, हा प्रश्न साठच्या दशकात जगातल्या मोजक्या प्रयोगशाळांत विचारला जात होता. त्या मोजक्यांत सिद्दीकी होते. आज त्याच प्रश्नाच्या उत्तरावर स्तनाच्या कर्करोगाचे औषध उभे आहे आणि आपल्या विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णाची आशासुद्धा.

मी भाषेचा शिक्षक आहे, विज्ञानाचा नाही. म्हणून ही गोष्ट मी कापडाच्या आणि सुताच्या भाषेत सांगणार आहे. वर्धा जिल्ह्यात ती कोणालाही समजावी.

रोज झिजणारा धागा

आपल्या शरीरातल्या एका पेशीतला डीएनए ताणून सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो दुपदरी असतो. दोन पदर एकमेकांभोवती पिळलेले आणि मध्ये चार अक्षरांच्या जोड्या. या जोड्यांची संख्या एका संचात सुमारे ३०० कोटी. मराठी माध्यमाचे मूल ज्याला पेशी म्हणते, त्याला उर्दू माध्यमाचे मूल खलिया म्हणते. दोघांच्या आत हाच धागा असतो.

बराच काळ शास्त्रज्ञांचा समज असा होता की हा धागा पक्का असणार. एवढी मोलाची माहिती ज्यात साठवली आहे, तो रेणू कच्चा कसा असेल? स्वीडनचे टोमास लिंडाल यांनी सत्तरच्या दशकात दाखवून दिले की डीएनए आपोआपच झिजतो. ऊन लागले नाही, विष गेले नाही, तरी नुसत्या पाण्यामुळे आणि शरीराच्या उष्णतेमुळे एकेका पेशीत रोज हजारो अक्षरे बिघडतात किंवा गळून पडतात. त्यात उन्हातल्या अतिनील किरणांची, तंबाखूच्या रसायनांची आणि क्ष-किरणांची भर पडते. एवढे होऊनही माणूस सत्तर-ऐंशी वर्षे जगतो. याचा अर्थ आत कोणीतरी सतत दुरुस्ती करत असले पाहिजे.

नुकसान दोन प्रकारचे असते. एकाच पदराला इजा झाली तर समोरचा पदर शाबूत असतो. त्याच्याकडे पाहून दुरुस्ती करता येते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर मात्र धाग्याचे सरळ दोन तुकडे होतात आणि दोन्ही टोके मोकळी सुटतात. असा एक तुटवडा जरी तसाच राहिला तरी पेशी मरू शकते. टोक चुकीच्या टोकाला जोडले गेले तर त्याहून वाईट. कर्करोगाच्या अनेक प्रकारांची सुरुवात अशा चुकलेल्या सांध्यातून होते.

अलीगढ, ग्लासगो, कुलाबा

ओबैद सिद्दीकींचा जन्म १९३२ सालचा, उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातला. शिक्षण अलीगढ मुस्लिम विद्यापीठात झाले. तिथून ते ग्लासगोला गुइदो पॉन्टेकॉर्व्हो यांच्याकडे पीएचडीसाठी गेले. पॉन्टेकॉर्व्हो हे इटलीतले यहुदी. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे १९३८ मध्ये त्यांची फ्लॉरेन्समधली नोकरी गेली आणि ते ब्रिटनमध्ये आले. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरचा ‘बॅटल ऑफ अल्जियर्स’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्याचा दिग्दर्शक जिलो पॉन्टेकॉर्व्हो हा या गुइदोंचा धाकटा भाऊ.

ग्लासगोत सिद्दीकी एका बुरशीवर काम करत होते. आई-बापाकडून आलेल्या जनुकांची अदलाबदल होऊन नवे मिश्रण कसे तयार होते, हा विषय. पुढे अमेरिकेत ॲलन गॅरन यांच्याबरोबर त्यांनी जिवाणूंवर काम केले. प्रथिन बनवण्याचा संदेश मध्येच थांबवणारे बिघाड आणि त्या बिघाडावर मात करणारी दुसरी जनुके यांवरचा दोघांचा निबंध १९६२ मध्ये आला. जनुकीय लिपीत ‘पूर्णविराम’ असतो, हे समजण्याच्या वाटेवरचे ते एक महत्त्वाचे पाऊल होते.

त्याच सुमारास लिओ झिलार्ड यांच्या शिफारशीवरून होमी भाभांनी सिद्दीकींना मुंबईला बोलावले. झिलार्ड हंगेरीचे, अणुसाखळीची कल्पना मांडणारे आणि नंतर जीवशास्त्राकडे वळलेले. भाभा पारशी, भौतिकशास्त्राचे. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या संस्थेत जिवाणू वाढवणारा विभाग काढायला भाभांनी होकार दिला, हे आज साधे वाटते. १९६२ मध्ये ते साधे नव्हते. डीएनएची दुपदरी रचना कळून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. तिशीतल्या सिद्दीकींनी कुलाब्यात हा विभाग सुरू केला. त्यांच्या पत्नी आसिया सिद्दीकी इतिहासकार होत्या. मुंबईच्या व्यापाराचा आणि तिथल्या सामान्य माणसांचा इतिहास त्यांनी लिहिला आहे.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. दोन जिवाणू एकत्र येतात, एक दुसऱ्याला आपला डीएनए देतो आणि पुढच्या पिढीत दोघांचे गुण मिसळलेले दिसतात. हे होते कसे? तेव्हा दोन मते होती. पहिले मत असे की नवा डीएनए लिहिला जाताना नक्कल करणारा थोडा मजकूर एका वहीतून उतरवतो, मग थोडा दुसऱ्या वहीतून. मूळ वह्या जशाच्या तशा राहतात. दुसरे मत असे की मूळ वह्यांचीच पाने फाटतात आणि एकीचे पान दुसरीत शिवले जाते. म्हणजे खरोखर तुटणे आणि खरोखर जोडले जाणे.

या दोन मतांचा निवाडा करायचा एक मार्ग होता. देणाऱ्या जिवाणूच्या डीएनएवर आधीच खूण करून ठेवायची आणि मिश्र गुणांच्या नव्या जिवाणूत ती खूण सापडते का, ते पाहायचे. नुसती नक्कल असेल तर मूळ डीएनएचा माल तिथे मिळणार नाही. शिवण असेल तर मिळेल. जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंबाबत अमेरिकेत मेसेल्सन आणि वाइगल यांनी १९६१ मध्ये तुटून जोडले जाण्याचा पुरावा दिला होता. जिवाणूंबाबत सिद्दीकींचा निबंध १९६३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या नियतकालिकात आला. जनक जिवाणूचा डीएनए संकरित जिवाणूच्या डीएनएत प्रत्यक्ष सामावलेला असतो, असे त्याचे म्हणणे होते. दहा वर्षांनी, १९७३ मध्ये, मॉरिस फॉक्स यांच्याबरोबर त्यांनी हा प्रश्न आणखी खोलात नेला आणि बाहेरून आलेला डीएनए यजमानाच्या डीएनएत कसा बसतो, ते तपासले.

म्हणजे डीएनए तुटतो, पुन्हा सांधला जातो, आणि हे पेशीच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. पुढचा प्रश्न उघड होता. सांधतो कोण?

एकच कारागीर, दोन कामे

१९६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात जॉन क्लार्क आणि ॲन डी मार्गुलिस यांनी असे जिवाणू शोधून काढले, ज्यांना ही अदलाबदल करताच येत नव्हती. त्यांच्यात एक जनुक बिघडलेले होते. या जिवाणूंवर अतिनील किरण सोडले तेव्हा ते धडाधड मेले. थोड्याशा किरणांनी साधे जिवाणू तगत होते, हे तगत नव्हते. अदलाबदल करणारा आणि दुरुस्ती करणारा कारागीर एकच होता. त्याचे नाव पडले रेक-ए.

तुटलेल्या टोकाचा एक पदर उघडा पडला की रेक-ए प्रथिनाचे असंख्य रेणू त्याच्यावर ओळीने चढतात. मग तो पदर पेशीतल्या दुसऱ्या, शाबूत डीएनएमध्ये आपल्याशी जुळणारा मजकूर शोधतो. लाखो अक्षरांतून नेमकी जागा सापडली की तिथे शिरतो आणि त्या नमुन्यावरून गहाळ भाग पुन्हा लिहून घेतला जातो. जगात यावर ज्यांनी काम केले त्यांत येल विद्यापीठाच्या चार्ल्स रॅडिंग यांचे नाव मोठे. त्यांच्याकडे शिकून आलेल्या दोघांनी हे काम भारतात पुढे नेले. बी. जे. राव यांनी सिद्दीकींच्याच टाटा संस्थेत, आणि के. मुनियप्पा यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. म्हणजे कुलाब्यात सुरू झालेला धागा कुलाब्यात तुटला नाही.

माणसाच्या पेशीतली टोळी

माणसाच्या पेशीत एकट्याचे काम नाही. दोन्ही पदर तुटल्यावर प्रथिनांची अख्खी टोळी धावते आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते.

हिंगणघाटच्या गिरण्यांचे दिवस आठवणारी माणसे अजून आहेत. सूतकताईच्या यंत्रावर तार तुटली की कामगार टोक हुडकायचा, पकडायचा, नव्या तंतूंशी जुळवून पीळ द्यायचा आणि यंत्र पुढे चालायचे. सेवाग्रामला चरख्यावर बसलेली बाईसुद्धा हेच करते. पेशीतही पहिले काम टोके पकडण्याचे. तीन प्रथिनांचा एक संच तुटलेल्या टोकाशी येतो आणि ते धरून ठेवतो. तो एटीएम नावाच्या प्रथिनाला जागे करतो. बँकेच्या एटीएमशी याचा काही संबंध नाही. हा पेशीचा भोंगा आहे. एटीएम आजूबाजूच्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण लावत सुटतो. त्या खुणा पाहून बाकीचे कारागीर जागा ओळखतात. त्याच भोंग्याने पी-५३ नावाचे प्रथिन सावध होते आणि पेशीचे विभाजन थांबवते. धागा तुटलेला असताना कापड विणत राहू नये, इतका साधा नियम. नुकसान हाताबाहेरचे असेल तर हेच पी-५३ पेशीला स्वतःला संपवायला लावते.

यापुढे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट घाईची. कू नावाचे प्रथिन अंगठीच्या आकाराचे असते. मोकळ्या टोकावर ते सुईत दोरा ओवावा तसे ओवले जाते. या नावाची गोष्ट छान आहे. जपानमध्ये एका रुग्णाच्या रक्तात या प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली आणि त्या रुग्णाच्या आडनावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून नाव ठेवले गेले. कूच्या मागोमाग एक मोठे प्रथिन येऊन दोन्ही टोके समोरासमोर धरते. आर्टेमिस नावाचे प्रथिन उसवलेले, वाकडे धागे छाटते. शेवटी लायगेज-४ आपल्या जोडीदाराबरोबर येऊन टोके कायमची जोडून टाकते. काम लवकर होते, पण छाटणीत एखाददुसरे अक्षर गळते किंवा वाढते. ही गाठ आहे. कापड वापरता येते, गाठ मात्र हाताला लागते.

दुसरी वाट रफूगराची. चांगला रफूगर शालीच्या भोकावर ठिगळ लावत नाही. शेजारची वीण वाचतो, ताणा आणि बाणा मोजतो आणि तसाच धागा तसाच घालतो. पेशीला हे तेव्हाच जमते, जेव्हा तिने विभाजनापूर्वी आपल्या डीएनएची दुसरी प्रत काढून ठेवलेली असते. नमुना शेजारी असतो. आधी टोके कुरतडून प्रत्येकी एक पदर उघडा केला जातो. त्यावर आरपीए नावाचे प्रथिन पांघरूण घालते, म्हणजे पदर गुंतणार नाही. मग बीआरसीए-२ येते. ते आरपीएला बाजूला सारून तिथे रॅड-५१ बसवते. रॅड-५१ म्हणजे रेक-एचा मानवी भाऊबंद. तो शेजारच्या प्रतीत जुळणारी जागा शोधतो, नमुन्यावरून गहाळ मजकूर लिहिला जातो आणि सांधा असा बसतो की कुठे तुटले होते, ते कळत नाही.

या टोळीतला एक गडी जन्मापासून कच्चा असेल तर काय होते, हे वैद्यकाला कर्करोगाच्या घराण्यांतून कळले. काही कुटुंबांत आजी, आई, मावशी, मुलगी अशा एकापाठोपाठ एक स्त्रियांना स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग होतो. अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले की अशा काही घराण्यांतला दोष १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. तेच पुढे बीआरसीए-१ ठरले. नंतर बीआरसीए-२ सापडले. ही जनुके कर्करोगाची जनुके म्हणून ओळखली जातात, पण त्यांचे खरे काम रफू करण्याचे. ती बिघडली म्हणजे रफूगर गैरहजर. पेशी गाठींवर भागवते, गाठी वाढत जातात आणि एक दिवस कापड फाटते. या समजुतीतूनच ओलापॅरिबसारखी औषधे आली. ज्या कर्करोगाच्या पेशीत रफूगर आधीच नाही, तिथे दुरुस्तीची आणखी एक वाट औषधाने बंद करायची. कर्करोगाची पेशी मरते. निरोगी पेशीकडे रफूगर असल्यामुळे ती बरीचशी निभावून नेते.

साव्हूरचा डॉक्टर

तुर्कस्तानच्या मार्दिन प्रांतातल्या साव्हूर या छोट्या गावात १९४६ मध्ये अझीझ सांजार यांचा जन्म झाला. आठ भावंडांतले सातवे. आई-वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मुले शिकलीच पाहिजेत यावर दोघे ठाम होते. इस्तंबूलमध्ये डॉक्टर होऊन सांजार यांनी दोनेक वर्षे आपल्याच भागात दवाखाना केला. मग संशोधनासाठी अमेरिकेला गेले. डॅलसमध्ये क्लॉड रूपर्ट यांच्या हाताखाली त्यांनी उन्हाने बिघडलेला डीएनए उजेडाच्याच मदतीने दुरुस्त करणाऱ्या जिवाणू-प्रथिनाचे जनुक वेगळे काढले. पीएचडी झाली. त्यानंतर डीएनए दुरुस्तीवर काम करणाऱ्या तीन प्रयोगशाळांकडे त्यांनी अर्ज केले. तिन्हीकडून नकार आला.

तेव्हा पीएचडी झालेला हा डॉक्टर येलमध्ये डीन रप यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून रुजू झाला. तिथे त्यांनी तीन प्रथिनांचा माग काढला. युव्हीआर-ए, बी आणि सी. पुढे उघड झालेली पद्धत अशी. ए आणि बी मिळून बिघडलेली जागा हुडकतात. मग ए बाजूला होते, सी येते, आणि बिघाडाच्या दोन्ही बाजूंना कात्री चालते. जिवाणूत सुमारे १२-१३ अक्षरांचा तुकडा काढून टाकला जातो, माणसात तो ३० च्या आसपास भरतो. रिकामी जागा समोरचा पदर पाहून भरली जाते. तिघांपैकी एकालाही हे एकट्याने जमत नाही. माणसांत हे काम करणारी प्रथिने जन्मतः निकामी असतील तर झेरोडर्मा नावाचा आजार होतो. अशा मुलाला उन्हात जाता येत नाही. कातडीवर डाग उमटतात आणि लहान वयातच कर्करोग होतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या दुपारी शेतात राबणाऱ्या माणसाच्या कातडीत ही कात्री किती वेळा चालत असेल, याचा विचार करून पाहा.

२०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल लिंडाल, अमेरिकेचे पॉल मॉड्रिच आणि सांजार या तिघांना डीएनए दुरुस्तीसाठी मिळाले. सांजार यांनी आपले पदक अंकाऱ्यात अतातुर्क यांच्या समाधिस्थळाला देऊन टाकले.

वर्ध्यात याचे काय?

आपल्या भागात याचा संबंध दोन ठिकाणी रोज येतो. पहिले ठिकाण पानठेला. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा घोटणे काही थांबलेले नाही. सुपारी, तंबाखू, चुना. तंबाखू आणि सुपारी या दोन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत ठेवल्या आहेत. तंबाखूतली नायट्रोसामाइन शरीरात गेल्यावर डीएनएच्या अक्षरांना चिकटतात. दुरुस्ती टोळी ती काढते. पण गालात दिवसभर खर्रा ठेवला तर त्याच जागी, त्याच पेशींवर, तासन् तास मारा होतो. कारागीर कितीही कुशल असला तरी एका हाताने फाडणे चालू असताना दुसऱ्या हाताने रफू कुठवर करणार? एखादी चूक पी-५३ च्याच जनुकात राहून गेली की भोंगा ऐकणाराच उरत नाही. नववीतली मुले खर्रा खातात हे आम्हा शिक्षकांना माहीत आहे. जुम्याच्या खुतब्यात दारूवर जितके बोलले जाते, तितके खर्र्यावर बोलले गेले पाहिजे, असे मला वाटते.

दुसरे ठिकाण सिकलसेल. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लॅन्सेटमध्ये लिहिले, तेव्हापासून विदर्भाचे नाव या आजाराशी जोडले गेले आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललेले असते, तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. ते बदललेले अक्षर पिढीजात असते. दुरुस्ती टोळीला ते चूक वाटत नाही, कारण दोन्ही पदर एकमेकांशी जुळलेलेच असतात. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजांत हा आजार जास्त आढळतो. त्यांची मुले आणि आमची मुले एकाच बाकावर बसतात. वेदना उठली की मूल वर्गात डोके खाली घालते आणि महिनाभर हजेरीपटावर दिसत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलवरच्या एका जनुकीय उपचाराला मान्यता दिली. नाव कॅसजेव्ही. त्यात रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढतात आणि क्रिस्पर नावाच्या जनुकीय कात्रीने त्यांचा डीएनए मुद्दाम तोडतात. तोडण्याची जागा हिमोग्लोबिनच्या जनुकात नसते. गर्भात असताना बाळाकडे वेगळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर ते बंद होते. ते बंद करणाऱ्या बटणावर कात्री चालते. पुढचे काम कात्री करत नाही, पेशीतली टोळी करते. कू येते, लायगेज येते, गाठ बसते, आणि गाठ बसताना एखाददुसरे अक्षर गळते. त्या गळलेल्या अक्षराने बटण निकामी होते आणि गर्भातले निरोगी हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते. घाईच्या गाठीचा दोषच इथे दवा झाला.

अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. वर्ध्याच्या शेतमजुराला ती सांगण्यातही अर्थ नाही. भारतात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सुरू झाले, त्याचे लक्ष्य २०४७ आहे. तोवर आपल्या हातात रक्ताची साधी तपासणी आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. निकाहाआधी मेहेरची आणि दहेजची चर्चा करणाऱ्या घरांनी ही तपासणीही करून घ्यावी.

नावांचे काय करायचे?

सिद्दीकी आणि सांजार ही दोन नावे मी मुद्दाम घेतली, कारण आपल्या मुलांच्या कानांवर ती पडत नाहीत. पण एक धोकाही आहे. आपल्याकडे अशी नावे मिळाली की जुलूस निघतो. इब्न सिना आमचा, अल-ख्वारिज्मी आमचा, आता डीएनएसुद्धा आमचा. दुसरे लोक त्यांच्या पोथ्यांत विमाने शोधतात, आपण हजार वर्षांपूर्वीच्या किताबांत उद्याचा शोध शोधतो. दोन्हींतून प्रयोगशाळेचे दार उघडत नाही.

सिद्दीकींची गोष्ट नीट वाचली तर ती एकट्या मुसलमानाच्या कर्तबगारीची गोष्ट उरत नाही. अलीगढने त्यांना शिकवले, देशोधडीला लागलेल्या एका इटालियन यहुद्याने घडवले, हंगेरीच्या निर्वासिताने शिफारस केली, पारशी भाभांनी जागा दिली, आणि मुंबईच्या कुलाब्यात सरकारी पैशावर हे सारे उभे राहिले. पुढे राव आणि त्यांचे विद्यार्थी आले. यांतला एकही दुवा निखळला असता तर आज त्यांच्यावर लिहायला काही नसते. मला त्यांच्याविषयी अभिमान वाटतो आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण त्या अभिमानाचा उपयोग एवढाच की, वर्गातल्या मुलीला सांगता यावे, ‘बेटी, या रस्त्यावरून माणसे गेलेली आहेत.’

तो रस्ता कुठून जातो, हे मात्र आपण शिक्षकांनी सांगायला हवे. आमची मुले बारावीनंतर डीएड, बीएड, आयटीआय आणि फार तर नीट एवढेच ओळखतात. पुण्यात २००६ पासून आयसर आहे, बारावीनंतर तिथे वेगळी प्रवेशपरीक्षा देऊन जाता येते. टाटा संस्थेत पदवीनंतर परीक्षा देऊन पीएचडीला प्रवेश मिळतो आणि विद्यावेतनही मिळते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून विज्ञान ऑलिम्पियाडची तयारी चालते. उर्दूत शिकलेल्या मुलाला अकरावीला इंग्रजीत विज्ञान झेपत नाही, ही अडचण खरी आहे. ती नववी-दहावीतच तिन्ही भाषांतले शब्द शेजारी ठेवून शिकवले तर कमी होते. खलिया, पेशी, सेल. एका फळ्यावर तीन शब्द लिहायला खडू जास्त लागत नाही.

या वर्षी आमच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षिका आणि मी मिळून दहावीचा आनुवंशिकतेचा धडा असाच घेणार आहोत. त्या डीएनए शिकवतील, मी शब्द. शाळेजवळच्या एका दर्जीकाकांनी येऊन फाटलेल्या कापडावर रफू करून दाखवायचे कबूल केले आहे.